मदत हवी आहे : अडखळणाऱ्या हार्ड डिस्कमधली नाटकांची चित्रणं

नमस्कार मंडळी. सांगलीत आमची छोटी हौशी नाट्यसंस्था आहे. जुन्या प्रयोगांच्या मूळ कॅसेट २०१९ च्या पुरात गेल्या. उरली ती २ टीबीच्या एका बाहेरच्या हार्ड डिस्कवरची कॉपी, आणि आता तीच दगा देतेय. डिस्क कॉम्प्युटरला दिसते, फोल्डरही उघडतात, पण मोठी फाइल उचलली की मध्येच गोठते. स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) 'करंट पेंडिंग सेक्टर'चा, म्हणजे नीट वाचता न आलेल्या जागांचा, आकडा वाढत चाललाय. टकटक आवाज मात्र नाही, म्हणजे हेड (डिस्क वाचणारा भाग) शाबूत असावं अशी आशा.

सध्या ती काढून ठेवली आहे. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवलेलं नाही, कारण ते त्याच डिस्कवर लिहितं. फ्रीजरमध्ये ठेवा म्हणणाऱ्या काकांना हात जोडले!

विचार असा आहे की लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू (खराब डिस्कमधला डेटा वाचवणारा प्रोग्राम) चालवून आधी पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, नव्या ४ टीबी डिस्कवर घ्यायची. ते चांगला भाग आधी उचलतं, खराब जागा मागाहून खरवडतं, आणि मॅपफाइल (कुठला भाग वाचून झाला याची नोंद) असली की अर्धवट राहिलेलं काम तिथूनच पुढे चालू होतं. फाइली शोधायच्या त्या मग इमेजमधून.

अडलंय ते इथे : यूएसबीची डबी उघडून डिस्क थेट साटाला (कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कच्या जोडणीला) जोडावी का? काही डब्यांतलं सर्किटच डेटा एन्क्रिप्ट करतं, म्हणून हात लावायला धजत नाही. आणि हे जमलं नाही तर सांगली, मिरज, कोल्हापूर पट्ट्यात क्लीन रूम (डिस्क उघडण्यासाठीची धूळविरहित खोली) असलेलं कुणी खात्रीचं आहे का? पुण्यालाही जाऊ, पण डिस्क कुरियरने पाठवावी की स्वतः न्यावी?