फार्मर्स मार्केटला ईबीटी कार्ड कसं सुरू करायचं? (न्यू जर्सी)

जर्सीची_मीना
नमस्कार मंडळी. आमच्या टाउनशिपच्या शनिवारच्या फार्मर्स मार्केटला मी व्हॉलंटियर म्हणून असते. भाज्या, पीच, मध, ब्रेड, अंडी असे स्टॉल आहेत. दर वेळी कुणीतरी ईबीटी कार्ड (सरकारी अन्नमदतीचे पैसे ज्यावर येतात ते) घेतात का म्हणून विचारतं आणि शेतकरी नाही म्हणतो, की झालं, पिशवी तिथेच ठेवून जातात. म्हणजे स्नॅपच्या (त्या अन्नमदत योजनेच्या) पैशाने सुपरमार्केटमधला चिप्सचा पुडा येतो पण समोरचा ताजा टोमॅटो नाही, हे काही पटत नाही. मॅनेजर म्हणतो माझी ना नाही पण प्रत्येक शेतकऱ्याने वेगळं परमिट काढायचं, वेगळं मशीन घ्यायचं, हे कोण करणार. खरंच प्रत्येकाला वेगळं लागतं का? कुणी हे केलंय का?

पंत_मिशिगन
नाही लागत. मार्केट चालवणारी संस्था (टाउनशिप असो किंवा नॉनप्रॉफिट) स्वतःच्या नावावर एकच परमिट घेऊ शकते, यूएसडीएच्या (केंद्रीय कृषी खात्याच्या) फूड अँड न्यूट्रिशन सर्व्हिसकडून (एफएनएस), ऑनलाइन अर्ज, फी शून्य. अर्ज पूर्ण पोचल्यावर 45 दिवसांपर्यंत लागू शकतात त्यामुळे मे मध्ये जागे होऊ नका, जानेवारी-फेब्रुवारीतच लावून टाका. मग मार्केटच्या तोंडाशी एक टेबल, एक मशीन. गिऱ्हाईक तिथे कार्ड स्वाइप करून पिन टाकतं, समजा 20 डॉलर, की तुम्ही त्याला एकेक डॉलरची 20 लाकडी टोकन देता, ती कुठल्याही पात्र स्टॉलवर चालतात, आणि शेवटी शेतकरी टोकन तुमच्याकडे जमा करतो, तुम्ही त्याला चेक देता.

मशीनचं म्हणाल तर फोनला लावायचा साधा कार्ड रीडर धरून चालू नका, पिन घेणारं आणि ईबीटीला मान्यता असलेलंच लागतं. 2014 च्या फार्म बिलने (शेती आणि अन्नमदतीचा केंद्रीय कायदा) दुकानांना मशीन स्वतःच्या खर्चाने घ्यायला लावलं पण फार्मर्स मार्केटना त्यातून सूट आहे, म्हणून विकत घ्यायच्या आधी राज्याच्या स्नॅप ऑफिसला विचारा.

जर्सीची_मीना
वा, एवढं सरळ कुणी सांगितलंच नव्हतं! मग टोकनवर काय काय घेता येतं? आमच्याकडे एक मराठी ताई वडापाव आणि लोणची विकतात, त्या लगेच विचारतील 😀

सुनीता_बॉस्टन
लोणच्याची बरणी चालेल, गरम वडापाव नाही. गरम तयार खाणं स्नॅपमध्ये बसत नाही, तसंच साबण, दारू, फुलं. गणपतीत झेंडू लावाल तर तो रोखीनेच. पण मिरचीचं रोप, टोमॅटोचं रोप, मेथीचं बी चालतं, ज्याला खायचं काही येतं ते रोप-बी चालतं, हे बऱ्याच शेतकऱ्यांनाही माहीत नसतं. आणि टोकनवर सुट्टे पैसे परत द्यायचे नाहीत म्हणजे नाहीत! 3 डॉलरची जुडी आणि 4 टोकन असतील तर शेतकऱ्याने वर दोन मिरच्या टाकाव्यात पण डॉलर द्यायचा नाही. हे सीझनच्या आधी प्रत्येक विक्रेत्याकडून लिहून सही करून घ्या.

आमच्या मॅसॅच्युसेट्सला 2017 पासून हिप म्हणून प्रकार आहे. त्यात शेतकऱ्याकडे स्वतःचं मशीन असतं, फळं-भाज्या घेतल्या की तेवढेच पैसे तिथल्या तिथे कार्डावर परत येतात, महिन्याच्या एका मर्यादेपर्यंत, आणि ती मर्यादा राज्याच्या बजेटवर खालीवर होते. टोकनची भानगड नाही, पण प्रत्येक शेतकऱ्याला परमिट लागतं. छोट्या मार्केटला मला पंत म्हणतात तेच बरं वाटतं.

नाशिककर
म्हणजे आपल्या रेशन दुकानावर अंगठा लावतात तसंच, फक्त गहू-तांदळाऐवजी पीच 😄

पंत_मिशिगन
@नाशिककर 😀 आणि इथे स्नॅप घेणाऱ्या कुठल्याही दुकानात कार्ड घेऊन देशभर जा.

मीनाताई, खरं काम मशीनचं नाही, हिशोबाचं आहे. टोकनसाठी वेगळं बँक खातं ठेवा, कारण विकलेली पण अजून शेतकऱ्याकडे न पोचलेली टोकन म्हणजे तुमच्या डोक्यावरचं देणं, ते मार्केटच्या इतर पैशात मिसळलं की सीझनअखेर ताळमेळ लागत नाही. टोकनवर मार्केटचं नाव छापा, कोरी लाकडी चकती कुणीही ऑनलाइन मागवू शकतं. क्रेडिट-डेबिटवाल्यांनाही वेगळ्या रंगाची 5 डॉलरची टोकन विका, म्हणजे टेबलापुढे सगळेच उभे राहतात आणि ईबीटीवाला एकटा उठून दिसत नाही, ही लाज हा फार मोठा अडथळा आहे, कुणी बोलून दाखवत नाही एवढंच.

आणि डबलचं बघा. आमच्या डेट्रॉइटला 2009 मध्ये डबल अप फूड बक्स सुरू झालं, कार्डावरचे 10 खर्च केले की भाजी-फळांसाठी आणखी 10. आता फेडरल पैसा यात गसनिप नावाच्या योजनेतून येतो. न्यू जर्सीतही गुड फूड बक्स आहे, त्यांच्याशी बोला. डबल मिळतंय म्हटल्यावर लोक येतात, नुसतं 'ईबीटी चालेल' लिहून येत नाहीत.

सुनीता_बॉस्टन
एक राहिलं, 'विक' (WIC, गरोदर बायका, नव्या आया आणि लहान मुलांची अन्नमदत) आणि सीनियर लोकांच्या फार्मर्स मार्केट व्हाउचरचा या परमिटशी संबंध नाही. ते राज्याकडून मिळतं आणि त्यासाठी शेतकऱ्यालाच वेगळी मान्यता लागते, तुमच्यातल्या काहींकडे ती आधीच असेल, विचारून बघा. आणि नेट गेलं तर काय हे मशीन देणाऱ्याला आधीच विचारा, फोनवरून मंजुरी घेऊन कागदी व्हाउचर करता येतं पण ते पुस्तक टेबलावर हवं. 2018 च्या उन्हाळ्यात तर ईबीटी ॲप चालवणारी एक कंपनीच बंद पडायच्या बेतात होती, ऐन सीझनमध्ये देशभरातली बरीच मार्केट टांगणीला लागली होती.

जर्सीची_मीना
खूप आभार दोघांचे. पुढच्या आठवड्यात टाउनशिपची मीटिंग आहे, हा धागाच मॅनेजरला इंग्रजीत सांगते. अर्जात सोशल सिक्युरिटी नंबर कुणाचा द्यायचा यावरून तिथे वाद होणार हे मात्र आत्ताच दिसतंय.

पंत_मिशिगन
तो होतोच 😀 व्हॉलंटियरने स्वतःचा देऊ नका. मार्केट ज्या संस्थेच्या नावावर आहे तिच्या जबाबदार पदाधिकाऱ्याकडे तो विषय सोपवा, आणि अर्ज भरायच्या आधी एफएनएसला फोन करून सरकारी मार्केटला काय काय कागद लागतात ते विचारा.