मदत हवी आहे: यासी ज्युनिअरवरच अडकलंय, सीजीनॅटमधून वाट कशी काढावी?

रास्पबेरी पाय ४ (४ जीबीचा छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) वर यासी (YaCy, अनेकांच्या संगणकांवर मिळून चालणारं शोधइंजिन) चालू आहे, नेटवर्क फ्रीवर्ल्ड (त्याचं सर्वांसाठी खुलं जाळं). राउटरवर ८०९० पोर्ट फॉरवर्ड केलाय, तरी पीअर (जाळ्यातला माझा संगणक) सीनिअर, म्हणजे बाहेरून पोहोचता येणारा, होत नाही; ज्युनिअरच राहतो. कारण उघड आहे: राउटरचा वॅन पत्ता १००.६४ ने सुरू होतो, म्हणजे सीजीनॅट (प्रोव्हायडर अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक आयपी वाटून देतो). बाहेरची विनंती प्रोव्हायडरच्या नॅटपाशीच अडते. ज्युनिअर असताना आपल्याला शोधता येतं, पण बाकीचे पीअर आपल्याला विचारू शकत नाहीत.

विचार असा: छोटा व्हीपीएस (सार्वजनिक आयपी असलेला भाड्याचा सर्व्हर) घ्यायचा, तिथून पायपर्यंत वायरगार्ड (व्हीपीएन) टनेल (कीपअलाइव्ह २५ सेकंद), ८०९० तिथून आत वळवायचा आणि यासीच्या स्टॅटिक आयपीच्या रकान्यात व्हीपीएसचा पत्ता भरायचा. एसएसएच रिव्हर्स टनेल मुद्दाम टाळतोय. त्यात प्रत्येक विनंती १२७.०.०.१ (लोकलहोस्ट, म्हणजे तेच यंत्र) वरून आल्यासारखी दिसते, आणि लोकलहोस्टला पासवर्डशिवाय अ‍ॅडमिन हा पर्याय चालू राहिला तर अख्खं जग अ‍ॅडमिन!

विचारायचंय ते हे:

१) कुणी व्हीपीएसशिवाय, फक्त आयपीव्ही६ वर सीनिअर झालंय का? राउटरच्या फायरवॉलमध्ये नेमकं काय उघडलंत?

२) शोधताना शब्दाऐवजी त्याचा हॅश (शब्दावरून काढलेला सांकेतिक ठसा) जातो हे ठीक, पण एका शब्दाचा हॅश कायम तोच. शब्दकोश घेऊन बसलेला पीअर तो सहज ओळखेल, शिवाय आपला आयपी त्याला दिसतोच. म्हणून खासगी विषयांसाठी रॉबिन्सन मोडमध्ये (जाळ्यापासून अलिप्त) वेगळं यासी ठेवायचं म्हणतोय, फक्त स्वतः क्रॉल केलेल्या साइटींचं. एकाच पायवर दोन जावा प्रोसेस, प्रत्येकी ६०० एमबी हीप (जावाला दिलेली मेमरी), झेपतील का? की एसडी कार्डच आधी मान टाकेल?