अकरावीला रेणूंचे आकार फुगे बांधून शिकवावेत का?

रसायन शिक्षक, दर्यापूर तालुका
दहावीपर्यंत मराठीतून सहसंयुज बंध (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेले) शिकलेली पोरं अकरावीत येतात आणि सगळं एकदम इंग्रजीत सुरू होतं. मग ती रेणूतल्या बंधांमधले कोन पाठ करतात: मिथेन १०९.५, अमोनिया १०७, पाणी १०४.५ अंश. "पाणी उकळताना काय तुटतं?" असं विचारलं की बरेच जण सांगतात, हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे होतात. तसं असतं तर चुलीवरच्या आधणाचाच भडका उडाला असता! रेणू अख्खा राहतो, सुटते ती रेणू-रेणूंमधली ओढ. म्हणून माझं मत, आधी फुगे. चार फुगे देठाशी बांधले की आपसूक चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा आकार, होतो. एक फुगा म्हणजे इलेक्ट्रॉनची एक जोडी, आणि जोड्या एकमेकींना दूर ढकलतात. गिलेस्पी आणि नायहोम या रसायनशास्त्रज्ञांनी १९५७ साली मांडलं ते हेच.

क्लास चालवणारा, अकोला
सर, तळमळ पटते, मत नाही. सीईटी या प्रवेश परीक्षेत भौतिक-रसायनचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. मधल्या अणूभोवती जोड्या किती, त्यातल्या एकाकी (बंधात न गुंतलेल्या) किती, एवढं मोजलं की उत्तर आलं. खेड्यातल्या पोराची एसटी चुकली की तास बुडतो, उरलेला वेळ तरी सरावाला द्या. शिवाय फुगे फसवतात. एकाकी जोडी जास्त जागा घेते म्हणून पाण्याचा कोन आवळतो. सारख्या फुग्यांत ते कुठे दिसणार?

रसायन शिक्षक
एकाकी जोड्यांचे दोन फुगे जास्त फुगवा, बाकीचे दोन डोळ्यांदेखत जवळ येतात. आणि हा वाकलेला आकार नुसता मार्कांपुरता नाही. कार्बन डायऑक्साइडचा रेणूभार ४४, पाण्याचा फक्त १८. तरी वर्गातल्या तापमानाला जड तो वायू आणि हलकं ते द्रव! पहिला रेणू सरळ रेषेत, त्याच्या दोन्ही बाजूंची ओढ एकमेकीला रद्द करते. पाणी वाकडं, म्हणून त्याला धन-ऋण टोकं, म्हणून रेणू-रेणूंना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध. आकार कळल्याशिवाय अवस्था कळत नाही.

शेतकरी पालक, मोर्शी
माह्या पोरीनं उन्हाळ्यात सांगतलं, माठातलं एक ग्राम पाणी उडालं त सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जाते, म्हणून राह्यलेलं थंड होते. पावसाळ्यात हवेतच ओल राह्यते, पाणी उडत नाही, म्हणून कूलर बी काम करत नाही. हे तिले पाठ करून नाही आलं, समजून आलं. पण क्लासवाले सर बी खोटं नाही बोलत. फी आम्ही मार्कासाठीच भरतो. दोन्ही पाह्यजे.

क्लास चालवणारा, अकोला
दादा, माठाचं पटलं. पण मिठाचं काय? ते ८०१ अंशांना वितळतं आणि त्यात सुटा रेणूच नसतो, सगळीकडे आयनांची, म्हणजे विद्युतभारित कणांची, जाळी. तिथे फुगे काय दाखवणार? पोरं तिथेही रेणू शोधत बसतात, हा घोळ मी दरवर्षी निस्तरतो. फुग्यांना एक तास देईन, त्याहून जास्त नाही.