मेवेदरचा शून्य: मोठेपणा की भीती? (ऑनलाइन पोस्टमधली चर्चा, सप्टेंबर २०१५)

लालबागकर

येत्या शनिवारी, १२ सप्टेंबरला, लास वेगासमध्ये फ्लॉइड मेवेदर आणि आंद्रे बर्टो या बॉक्सरांची लढत आहे. आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ असेल. ही आपली शेवटची लढत, असं मेवेदर स्वतः सांगतोय. आजवर ४८ लढती, ४८ विजय, पराभव शून्य. ही जिंकला की ४९, म्हणजे हेवीवेट विजेता रॉकी मार्सियानो १९५६ साली ज्या आकड्यावर थांबला त्याच्याशी बरोबरी. सगळीकडे आतापासूनच ‘सर्वकालीन श्रेष्ठ’ सुरू झालंय.

मला ते मान्य नाही. सात वर्षं मी हौशी बॉक्सिंग केलं आहे, त्यामुळे त्याच्या हातात काय आहे ते मला कळतं. पण त्या शून्यानेच या माणसाला लहान केलं. शून्य जपायचा म्हटलं की प्रतिस्पर्धी निवडताना हिशेब सुरू होतो.

फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओचंच बघा. त्याची आणि मेवेदरची लढत २०१० च्या मार्चमध्ये व्हायची होती. पॅकियाओ तेव्हा पेटलेला होता. दे ला होया, हॅटन, कोट्टो, वर्षभरात तिघांना लोळवून आला होता. उत्तेजक द्रव्यांसाठीच्या रक्तचाचणीच्या अटींवरून बोलणी फिसकटली. अखेर लढत झाली ती यंदाच्या मे महिन्यात, पॅकियाओ ३६ वर्षांचा झाल्यावर, मार्केझने त्याला २०१२ मध्ये तोंडावर पाडल्यानंतर. त्या रविवारी आमच्या व्यायामशाळेच्या माळ्यावर चाळीस माणसं चहाचे ग्लास धरून दाटीवाटीने बसली होती. बाराव्या फेरीची घंटा झाली आणि कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही. आमचे प्रशिक्षक सर उठले, टीव्हीची पिन काढली आणि पोरांना म्हणाले, “चला, दोऱ्या उचला.”

आणि निरोपाला कोण, तर शेवटच्या सहापैकी तीन लढती हरलेला बर्टो!

शुगर रे रॉबिन्सन १९४३ मध्ये लामोटाकडून पहिल्यांदा हरला आणि तीन आठवड्यांत त्याच लामोटासमोर परत उभा राहिला, जिंकला. शुगर रे लेनर्ड १९८० च्या जूनमध्ये दुरानकडून हरला, नोव्हेंबरमध्ये त्यालाच हरवलं. पडल्यावर मेवेदर काय करतो हे आपल्याला कधी दिसलंच नाही.

शिवाजी पार्क

लालबागकर, हरला नाही हा गुन्हा कधीपासून झाला? आपण मुंबईची माणसं. विकेट फेकायची नाही, समोरच्याला दमवायचं, हे ज्या मैदानांवर शिकवलं जातं तिथे मी वाढलोय. खडूस हा शब्द आपण कौतुकाने वापरतो. मेवेदर त्याच जातीचा आहे.

तो उभा कसा राहतो बघा. डावा हात पोटावर आडवा, उजवा हनुवटीला चिकटलेला, हनुवटी डाव्या खांद्याआड. समोरून उजवा ठोसा आला की खांदा तेवढा फिरतो आणि ठोसा घसरून जातो. लगेच त्याचा उजवा हात सरळ नाकावर. हे लिहायला सोपं आहे. ज्याचा डावा हात खाली आहे त्याला अर्ध्या सेकंदाची चूकही परवडत नाही, आणि हा माणूस एकोणीस वर्षं असाच उभा आहे. २०१० मध्ये मोझलीने दुसऱ्या फेरीत असा उजवा हाणला की याचे गुडघे लटपटले. पळाला का? उरलेल्या दहा फेऱ्या पुढे चालत जाऊन जिंकल्या.

निवडून निवडून खेळला म्हणता? २००१ मध्ये अपराजित कोरालेसला पाच वेळा खाली पाडलं. २०१३ मध्ये कानेलो २३ वर्षांचा, अपराजित, अंगाने थोराड. त्याला बारा फेऱ्या हवेत ठोसे मारायला लावले. पाच वजनगटांत विजेतेपदं अशी मिळत नाहीत.

लालबागकर

गावस्करच्या खडूसपणापुढे मीही हात जोडतो. पण १९८३ मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजच्या मार्शलने त्याच्या हातातली बॅट उडवली, तेव्हा तो पुढच्याच कसोटीत दिल्लीला उभा राहिला आणि ९४ चेंडूंत शतक ठोकलं. मार्शल म्हातारा व्हायची वाट पाहिली नाही. कानेलोलाही वजन उतरवायला लावून १५२ पौंडांवर आणला होता, त्याचा वजनगट १५४ चा. मार्केझच्या वेळी तर मेवेदर स्वतःच ठरलेल्या वजनापेक्षा दोन पौंड जास्त भरला आणि दंड मोजून मोकळा झाला.

गोरेगावची आई

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, दोन वर्षं बॉक्सिंग शिकतोय. घरी आला की मी आधी त्याचे डोळे बघते, मग दप्तर. मागच्या महिन्यात ओठ फुटून आला, हळद लावताना हसत होता, “समोरच्याला पण दिले” म्हणून सांगत होता.

तुम्हा दोघांच्या बोलण्यातून एक गोष्ट निसटतेय. मेवेदर ३८ वर्षांचा आहे आणि तो नीट बोलतो, नीट चालतो. मोहम्मद अलींचे थरथरणारे हात सगळ्या जगाने पाहिलेत. ज्या लढतीला लोक कंटाळवाणी म्हणतात तिच्यात डोक्यावर ठोसे कमी बसलेले असतात. मी सरांना सांगून ठेवलंय, मारायला नंतर शिकवा, आधी चुकवायला शिकवा.

शिवाजी पार्क

ताई, मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही नेमकं सांगितलंत.

कल्याण लोकल

मीही बॉक्सिंग करते, म्हणून लिहिते. घरगुती मारहाणीच्या प्रकरणात मेवेदरने गुन्हा कबूल केला. २०१२ मध्ये दोन महिने तुरुंगात होता. शिक्षा जानेवारीत सुरू व्हायची होती. मे महिन्यात कोट्टोशी लढता यावं म्हणून न्यायालयाने ती जूनपर्यंत पुढे ढकलली. ज्या हातांचं तुम्ही कौतुक करताय त्याच हातांनी घरात काय केलं, हे सोडून वारशाची चर्चा मला करता येणार नाही. तंत्र मी त्याच्याकडून शिकले, आरशासमोर तो खांदा शेकडो वेळा फिरवलाय. भिंतीवर त्याचा फोटो लावला नाही, लावणारही नाही.

लालबागकर

ताई, हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. राहून गेलं, ती माझी चूक.

शिवाजी पार्क

कल्याण लोकल, मान्य. त्यावर माझ्याकडे बचाव नाही आणि मी शोधणारही नाही.

लालबागकर, फक्त रिंगपुरतं विचारतो. २००२ चा कास्टिलो आठवतो? एप्रिलमधली लढत. तिन्ही पंचांनी मेवेदरला कौल दिला, पण एचबीओ वाहिनीच्या अनधिकृत गुणफलकावर कास्टिलो पुढे होता. मेवेदर हरला असं आजही कितीतरी जण म्हणतात. निकाल खिशात होता, गप्प बसला असता तरी चाललं असतं. त्याने डिसेंबरमध्ये त्याच कास्टिलोला परत बोलावलं आणि एकमताने जिंकला.

लालबागकर

आठवतो. एप्रिलची ती लढत मी कास्टिलोलाच दिली होती, अजूनही देतो.

पण हो, डिसेंबर तुम्ही बरोबर काढलात. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता आणि शून्य जायची पुरी शक्यता असताना त्याच माणसासमोर परत उतरला. माझी तक्रार एवढीच आहे की २०१० मध्ये मी त्याच पोराची वाट बघत होतो.