मदत हवी आहे: उबुंटू २४.०४ टाकल्यावर वाचनालयातले ज्येष्ठ अडलेत. जुनं रूप परत आणू की नवं शिकवू?

तलावपाळी

नमस्कार मंडळी,

ठाण्यात नौपाड्यात आमचं एक छोटं वाचनालय आहे. मागच्या खोलीत काही जुने डेस्कटॉप आहेत, आय-थ्री, ४ जीबी रॅमवाले, एका बंद झालेल्या ऑफिसकडून मिळालेले. सकाळी ज्येष्ठ मंडळी येतात: वीजबिल, रेल्वेचं तिकीट, परदेशातल्या मुलांना मेल, दोघातिघांचं स्वतःचं लेखन. संध्याकाळी दहावी-बारावीची मुलं. मशीनची देखभाल मी शनिवार-रविवारी करते.

आतापर्यंत सगळीकडे विंडोजऐवजी उबुंटू ही मोफत लिनक्स प्रणाली होती, २०.०४ आवृत्ती. त्याचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला. जिथे लोक बँकेचं आणि पेन्शनचं काम करतात तिथे सिक्युरिटी अपडेट न मिळणारं मशीन ठेवणं मला पटेना. म्हणून एसएसडी (वेगवान डिस्क) बसवल्या आणि २४.०४ नव्याने टाकलं. मशीन पळायला लागली, मुलं खूश झाली. सकाळची मंडळी मात्र अडून बसली आहेत.

परवाची गोष्ट सांगते. एक काकू काम आटोपून मशीन बंद करायला गेल्या. पूर्वी वर उजव्या कोपऱ्यात क्लिक केलं की यादी उघडायची आणि शेवटच्या ओळीत 'पॉवर ऑफ' असायचं. आता तिथे लांबट बटणांचा चौकोन उघडतो आणि बंद करायचं चिन्ह वरच्या बाजूला आहे. काकूंनी सवयीने खालचं एक बटण दाबलं, ते निघालं 'डार्क स्टाईल'चं. सगळ्या विंडो काळ्या झाल्या. आपल्या हातून मशीन बिघडलं असं समजून त्या कुणाला न सांगता घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. मला याचं फार वाईट वाटलं. म्हणूनच हा धागा काढते आहे.

बाकीच्या अडचणी: डाव्या कोपऱ्यातला 'ॲक्टिव्हिटीज' हा शब्द गेला, तिथे नुसती पांढरी रेघ आणि ठिपका आहे. त्याच्या शेजारी चालू प्रोग्रामचं नाव दिसायचं, तेही गेलं. सध्या आपण कशात आहोत हे मंडळी तिथेच बघायची. डेस्कटॉपवरची फाईल आता उजव्या खालच्या कोपऱ्यात जाऊन बसते. राइट क्लिकमध्ये नवीन फाईल करायची सोय दिसत नाही. मराठी-इंग्रजी बदलताना गोंधळ होतो. आणि फायरफॉक्स मध्येच इंग्रजीत सूचना देतो की अपडेट थांबलंय, प्रोग्राम बंद करा. ती वाचून लोक माऊस सोडून मला फोन लावतात.

या मंडळींना कमी समजतं असं कृपया कुणी लिहू नका. एका काकांच्या वहीत प्रत्येक कामाच्या पायऱ्या अंक घालून लिहिलेल्या आहेत: 'उजवा वरचा कोपरा, त्यातलं शेवटचं.' त्यांनी मेहनतीने जागा पाठ केल्या आहेत, आणि जागाच हलल्या.

तर प्रश्न असा: लिनक्स मिंट (दुसरी एक लिनक्स प्रणाली) किंवा माटे (जुन्या वळणाचा डेस्कटॉप) टाकून जुनं रूप परत आणावं, की हेच ठेवून नव्याने शिकवावं? विंडोजवर जा हा सल्ला नको. ही मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत आणि लायसन्सचा खर्च वाचनालयाला झेपणारा नाही.

कळवा_लोकल

ताई, मोठा निर्णय घेण्याआधी सेटिंग्जमधून होण्यासारखं बरंच आहे, ते आधी करून घ्या.

बंद करण्यासाठी: सेटिंग्ज, पॉवर, त्यात 'पॉवर बटण बिहेवियर' आहे, तिथे 'पॉवर ऑफ' निवडा. मग सीपीयूवरचं बटण एकदा हलकं दाबलं की पडद्यावर विचारणा येते आणि मशीन नीट बंद होतं. दाबून धरायचं नाही, एवढंच सांगून ठेवा. काकूंना कोपऱ्यात जायचीच गरज नाही.

फाईल कुठे बसते ते सेटिंग्जमधल्या 'उबुंटू डेस्कटॉप' या पानावर बदलता येतं. नवीन आयकॉनची जागा 'टॉप लेफ्ट' करा. तिथेच डॉक, म्हणजे प्रोग्रामच्या चिन्हांची पट्टी, खाली आणायची सोय आहे.

नवीन फाईलचं कोडं सोपं आहे. होम फोल्डरमध्ये 'टेम्प्लेट्स' नावाचं फोल्डर असतं. त्यात लिब्रेऑफिस रायटरची एक कोरी फाईल करून ठेवा, नाव द्या 'कोरं पान'. लगेच राइट क्लिकमध्ये 'न्यू डॉक्युमेंट' उगवेल आणि आत 'कोरं पान' दिसेल. ते फोल्डर रिकामं असलं की हा पर्यायच दिसत नाही. जुन्या मशीनवर कुणीतरी अशी फाईल ठेवलेली असणार.

आणि 'ॲक्सेसिबिलिटी'मध्ये तीन गोष्टी चालू करा: मोठी अक्षरं, स्क्रोलबार कायम दिसणं, आणि 'लोकेट पॉइंटर'. हा शेवटचा पर्याय चालू असला की डावीकडची कंट्रोल दाबल्यावर माऊसचा बाण कुठे आहे ते पडद्यावर दिसतं. माझ्या वडिलांना या एका गोष्टीचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

जुना_पेंग्विन

मी स्पष्ट सांगतो, जुनं रूप आणा.

हा प्रश्न आजचा नाही. उबुंटूच्या पडद्याचं रूप ठरवतं ते ग्नोम. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आलं तेव्हा ग्नोम २ ची खालची-वरची पट्टी, मेनू, सगळं एका फटक्यात गेलं. तेव्हा खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि ते काही काळ एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप वापरत होते. पण सोर्स खुला होता, म्हणून अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने ग्नोम २ चा कोड घेऊन त्याच वर्षी माटे सुरू केलं. मिंटवाल्यांनी नव्या ग्नोमच्या पायावर जुन्या वळणाचा सिनॅमन हा डेस्कटॉप उभा केला. ज्यांना बदल नको होता त्यांच्यासाठी रस्ता उरला तो असा. बंद सॉफ्टवेअरमध्ये कंपनीने बटण हलवलं की विषय संपतो.

तुमच्या मंडळींना नेमकं हेच हवंय. खाली पट्टी, तिच्यावर उघडलेल्या प्रोग्रामची नावं, डाव्या कोपऱ्यात मेनू. मिंटमध्ये फायरफॉक्स उबुंटूसारखा स्नॅप नावाच्या पॅकेजमधून येत नाही, त्यामुळे ती अपडेटची सूचनाही येणार नाही.

खारघरची_शिक्षिका

मी असहमत आहे, आणि अनुभवावरून सांगते. खारघरला आमच्या सोसायटीत मी ज्येष्ठांना मोबाईल आणि कॉम्प्युटर शिकवते. त्यांच्या फोनवर बँकेचं ॲप दर थोड्या दिवसांनी रूप बदलतं आणि ते शिकतात. तक्रार करत शिकतात, पण शिकतात. कारण तिथे शेजारी कुणीतरी बसलेलं असतं.

तलावपाळी ताई, बदल शनिवारी झाला आणि सोमवारी सकाळी मंडळी एकटीच त्याच्यासमोर बसली, असं तर झालं नाही ना? दोष काढत नाहीये, क्रम सुचवते आहे. पुढच्या वेळी एकच मशीन बदला, बाकीची जुनी राहू द्या. ज्याला उत्सुकता आहे तो आधी नव्यावर बसेल आणि मग तोच इतरांना दाखवेल. काकूंना आपण सांगण्यापेक्षा दुसऱ्या काकूंनी सांगितलेलं लवकर पटतं.

शिवाय मिंट टाकलं तरी तेही नवीनच असणार. आज जागा हलल्या त्या तिथेही हलतील, फक्त वेगळ्या हलतील. वहीतल्या पायऱ्या दोन्हीकडे नव्याने लिहाव्या लागणारच आहेत.

तलावपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. सीपीयूवरच्या बटणाचा उपाय आज करून पाहिला, उत्तम चालतो. टेम्प्लेटही केलं.

शिक्षिका ताई, मशीनच्या एसएसडी एकदम आल्या म्हणून सगळं एकदम करावं लागलं. पण शेजारी बसण्याचा मुद्दा पटला. पुढचे काही आठवडे सकाळी कुणीतरी थांबेल अशी सोय बघते.

आता दोन प्रश्न. मिंट किंवा माटे घेतलं तर पुन्हा लवकर सगळं बदलावं लागणार नाही ना? कारण मला हा त्रास त्यांना वारंवार द्यायचा नाही. आणि मराठी टायपिंगचं काय? दोघं इनस्क्रिप्ट ही सरकारी कीबोर्ड मांडणी वापरतात, बाकीचे उच्चाराप्रमाणे टाइप करतात.

जुना_पेंग्विन

पहिला प्रश्न फार महत्त्वाचा आहे. उबुंटू २४.०४ आणि मिंट २२, दोघांनाही २०२९ पर्यंत अपडेट मिळणार. उबुंटू माटे २४.०४ ही वेगळी आवृत्ती आहे, तिला तीनच वर्षं म्हणजे २०२७ पर्यंत. म्हणून माटेच्या प्रेमात असूनही मी तुम्हाला मिंट सुचवतो. ४ जीबीवर सिनॅमन चालतं. जड वाटलं तर मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती घ्या, मांडणी जवळपास तीच आहे.

वाशी_टर्मिनल

एक तिसरा रस्ता. उबुंटू तसंच ठेवून 'डॅश टू पॅनेल' हे एक्सटेन्शन (ग्नोमला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाका. वरची पट्टी आणि डॉक एकत्र होऊन खाली एकच पट्टी येते.

एक्सटेन्शन मोडतात अशी भीती घातली जाते, ती निराधार नाही. ग्नोम ४५ मध्ये, म्हणजे सप्टेंबर २०२३ मध्ये, आतली रचना बदलली आणि प्रत्येक एक्सटेन्शन दुरुस्त करावं लागलं. पण २४.०४ मध्ये ग्नोम ४६ आहे आणि या आवृत्तीच्या आयुष्यभर ४६ च राहणार. त्यामुळे उबुंटूच्या स्वतःच्या साठ्यातून टाकलेलं एक्सटेन्शन मध्येच मोडायचं कारण नाही. प्रश्न येईल तो पुढच्या मोठ्या आवृत्तीवर जाताना.

टायपिंगबद्दल: 'आयबस एम१७एन' हे पॅकेज टाका, लॉग आउट करून परत या. सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्स जोडताना मराठीखाली इनस्क्रिप्ट, फोनेटिक आणि आयट्रान्स (शेवटचे दोन उच्चाराप्रमाणे टाइप करायला) दिसतील. प्रत्येकाला लागतील तेवढेच दोन ठेवा, एक इंग्रजी आणि एक मराठी. यादी लांबली की गोंधळ वाढतो. बदलायला सुपर (विंडोजचं चिन्ह असलेलं बटण) आणि स्पेस.

त्याच पानावर एक पर्याय आहे: सगळ्या विंडोंना एकच भाषा, की प्रत्येक विंडोला वेगळी. तुमच्याकडे कुठला चालू आहे ते बघा. वेगळी असेल तर रायटरमध्ये मराठी चालू असताना फायरफॉक्सवर गेलं की आपोआप इंग्रजी होतं, आणि माणसाला वाटतं कीबोर्डच बिघडला.

तलावपाळी

अगदी हेच होत होतं! प्रत्येक विंडोला वेगळी भाषा होती. आता एकच केली. लेखन करणाऱ्या काकांनी अर्धं पान सलग टाइप केलं, मध्ये एकदाही हाक मारली नाही.

मेनू मराठीत केले तर सोपं जाईल का?

कळवा_लोकल

मला मराठी मेनू मनापासून हवे आहेत, तरी सध्या नको म्हणेन. ग्नोमचं मराठी भाषांतर पूर्ण नाही. एका पानावर अर्ध्या ओळी मराठीत आणि अर्ध्या इंग्रजीत दिसतात, त्याने ज्येष्ठ जास्त बुचकळ्यात पडतात. वहीतले शब्दही इंग्रजीच आहेत. भाषांतर कुणीही करू शकतं, ग्नोमची त्यासाठी 'डॅम्ड लाइज' नावाची साईट आहे. तुमच्या वाचनालयात भाषेची जाण असलेली निवृत्त मंडळी आहेत, त्यांना जरूर विचारा. पॉवर मेनूतले शब्द त्यांच्याइतके चांगले कुणाला सुचणार?

खारघरची_शिक्षिका

एक सूचना राहिली. एकाच मशीनवर ज्येष्ठांना वेगळं रूप आणि मुलांना वेगळं द्यायचं असेल तर दोन अकाउंट करा. एकाच अकाउंटमध्ये दोन डेस्कटॉप आलटून पालटून वापरले की थीम, अक्षरं, कुठली फाईल कशात उघडते, सगळं एकमेकांत मिसळतं. लॉगिनच्या पडद्यावर प्रत्येक अकाउंटने शेवटी निवडलेला डेस्कटॉप लक्षात राहतो, त्यामुळे एकदा लावून दिलं की पुरतं.

तलावपाळी

ठरवलं ते लिहिते. तीन मशीनवर उबुंटूच राहील, तिथे 'सकाळ' आणि 'संध्याकाळ' अशी दोन अकाउंट. 'सकाळ'मध्ये वाशी_टर्मिनल यांनी सांगितलेली खालची पट्टी, मोठी अक्षरं, एकच मराठी कीबोर्ड. खिडकीजवळच्या एका मशीनवर मिंट २२ टाकते. कुणावर सक्ती नाही, ज्यांना बसावंसं वाटेल ते बसतील आणि काय बरं वाटतं ते सांगतील. महिन्याभराने त्यांच्या मतानेच पुढचं करू. वहीतल्या पायऱ्या मी आणि ते काका मिळून नव्याने लिहितोय, पडद्याचे फोटो छापून.

काकूंना काल फोन केला. मशीन बिघडलं नव्हतं, नुसता रंग बदलला होता, असं सांगितलं. सोमवारी येते म्हणाल्या.

मिंटचा पेनड्राइव्ह कुणाकडे तयार आहे का? आमचं नेट हळू आहे, डाउनलोडला रात्र जाते.

कळवा_लोकल

माझ्याकडे आहे, सिनॅमन आणि एक्सएफसीई दोन्ही. शनिवारी दुपारी ठाण्यात येतोय, वाचनालयात देऊन जाईन. इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालू करा आणि प्रिंटर ओळखतोय का ते बघून घ्या. कुठला प्रिंटर आहे?

तलावपाळी

फार उपकार झाले दादा. प्रिंटर जुना लेझर आहे, मॉडेल उद्या बघून इथेच लिहिते.