मांजर चावलं, बोट सरळ होत नाही. सोमवारपर्यंत थांबू का?

रानवारा: आईला (वय ६२, मधुमेह) काल संध्याकाळी भटकं मांजर उजव्या हाताच्या मधल्या बोटाला चावलं. तळव्याच्या बाजूला सुईने टोचल्यासारखे दोन ठिपके, रक्त थेंबभर. रेबीजच्या लशीचा पहिला डोस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन रात्रीच झालं. मेडिकलवाल्याने सेफॅलेक्सिन (अँटिबायोटिक) दिलंय. आज बोट टम्म सुजलंय. आमचे डॉक्टर सोमवारी येतील. तोवर चालेल?

कडूनिंब: नाही. हाताची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात आजच न्या. बोट अख्खं सुजलंय का, किंचित वाकलेलंच राहतंय का, तळव्याकडून टेंडनच्या (बोट वाकवणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याच्या) रेषेवर दाबलं की दुखतं का, आणि दुसऱ्याने हळूच सरळ केलं तर आई कळवळतात का, ते बघा. हे शेवटचं लक्षण सहसा आधी दिसतं. मांजराचे दात बारीक नि लांब. वरचं भोक लगेच मिटतं, जंतू मात्र टेंडनच्या आवरणात शिरलेले असतात. तिथे पू साठला की दाबाने टेंडनचा रक्तपुरवठा तुटतो आणि बोट कायमचं आखडतं. म्हणून आवरण उघडून सलाइनने धुवावं लागतं. २४ तासांच्या आत एवढी सूज म्हणजे पहिला संशय पाश्चुरेलाचा (मांजराच्या तोंडातला जिवाणू), आणि तिच्यावर सेफॅलेक्सिन भरवशाचं नाही. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह हवं, या अवस्थेत शिरेतून. ते पेनिसिलिनच्याच कुळातलं, म्हणून पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर आधीच सांगा.

टाकणखार: रेबीजच्या सिरमचं (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) काय? रक्त आलं म्हणजे रेबीजच्या धोक्याची तिसरी, सर्वात गंभीर श्रेणी, नुसती लस पुरत नाही. घोड्याचं सिरम किलोमागे ४० युनिट, मानवी २०. म्हणजे ६० किलोला घोड्याचं जास्तीत जास्त २,४००. ते जखमेत नि तिच्या भोवती टोचतात. बोटात जागा कमी, त्यामुळे सोसेल तेवढंच, हळूहळू. जास्त भरलं तर बोटाचा रक्तपुरवठा थांबतो. लशीच्या पहिल्या डोसनंतर सातव्या दिवसापर्यंत देता येतं. जखम चिघळली म्हणून कुणी टाळत असेल तर ते चूक.

रानवारा: निघतोय. जखमेवर हळद भरली आहे, राहू दे?

कडूनिंब: नको. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, मग पोविडोन आयोडीन. बोटात अंगठी असेल तर आत्ताच काढा, नंतर कापावी लागेल. हात छातीच्या वर धरा. शस्त्रक्रिया लागू शकते, तेव्हा खायला देऊ नका. मात्र इन्सुलिन किंवा गोळी कधी घेतली ते लिहून न्या आणि वाटेत साखर तपासा.