डीएनएसमध्ये दोन पत्ते असूनही क्लायंट दुसऱ्या सर्व्हरकडे का जात नाही?

वणीचा काटा
आमच्या जिनिंगच्या वजनकाट्यावरील लिनक्स संगणक प्रत्येक कापसाच्या गाडीचे वजन नागपूरच्या सर्व्हरला कळवतो आणि तिथून क्रमांक आला की पावती छापतो. अमरावतीला दुसरा सर्व्हर असून दोघांचेही पत्ते डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या सेवेत) एकाच नावाखाली नोंदवलेले आहेत. तरीही नागपूरची वीज गेली की प्रोग्राम दोन मिनिटांहून अधिक वेळ अडकतो आणि फाटकापर्यंत गाड्यांची रांग लागते. असे का व्हावे?

अचलपूरकर
डीएनएस केवळ पत्त्यांची यादी देते. ती क्रमाने आजमावण्याची जबाबदारी प्रोग्रामची असते. नुसती सेवा थांबली असेल तर नकार लगेच येतो आणि पुढे जाता येते, पण यंत्रच बंद असेल तर नकार द्यायलाही कोणी नसते. अशा वेळी ६.५ पूर्वीचे लिनक्स सिन पॅकेट (जोडणी मागणारा पहिला संदेश) सहा वेळा पुन्हा पाठवते आणि दर खेपेला थांबण्याचा काळ दुप्पट करते, म्हणून एकूण १२७ सेकंद जातात. प्रत्येक पत्त्याला स्वतःची वेळमर्यादा द्या. त्याहून चांगली रीत २०१७ च्या आरएफसी ८३०५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आहे: पहिल्या पत्त्याकडून २५० मिलिसेकंदांत उत्तर आले नाही, तर त्याला न सोडता दुसऱ्याशीही जोडणी सुरू करावी आणि जी आधी जुळेल ती ठेवावी.

पुसदहून
वरील उत्तर बरोबर आहे, परंतु खरी अडचण जोडणी जुळल्यानंतरची आहे. वजन पाठवले आणि उत्तर येण्याआधी लाइन तुटली, तर नागपूरला नोंद झाली की नाही हे क्लायंटला, म्हणजे काट्यावरच्या प्रोग्रामला, कळत नाही. तेच वजन अमरावतीला पाठवले, तर एका गाडीच्या दोन पावत्या होतात आणि शेतकऱ्याचा चुकारा अडतो. म्हणून प्रत्येक वजनाला काट्यावरच अद्वितीय क्रमांक द्या, पुन्हा पाठवताना तोच ठेवा आणि दोन्ही सर्व्हरच्या नोंदींची रुजुवात त्याच क्रमांकावरून करा. हे झाल्याशिवाय दुसरा पत्ता जोडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वणीचा काटा
क्रमांकाचा मुद्दा आमच्या ध्यानातच आला नव्हता; आधी तेच करतो. आमचे इंटरनेट डोंगलवर चालते, तेव्हा वेळमर्यादा किती ठेवावी?

अचलपूरकर
चार सेकंद. ६.५ पूर्वीच्या लिनक्समध्ये सिन पुन्हा जाते ते पहिल्या आणि तिसऱ्या सेकंदाला, त्यामुळे एखाददुसरे पॅकेट हरवले तरी चांगला सर्व्हर विनाकारण सोडला जाणार नाही.